दोन नववे अंक

मी होड्यांवर नावं लिहितो.
दर्यादौलत, सेंट अँथनी, श्री देव रवळनाथ प्रसन्न.
वेंगुर्ल्याच्या बंदरात नाळेला टेकून, ऑइलपेंट,
दोन नंबरचा ब्रश, मान वाकडी.
म्हणून ‘माकूल’च्या फुग्यांतली अक्षरंही माझ्याच गळ्यात पडली.

एल्विन आरावजो लिहायचा, सुलक्षा गिरप काढायची.
झेरॉक्सवाला शटर अर्धं ओढायचा तेव्हा आमचं काम सुरू.
दोनशे प्रती. पिना मारताना तिघांची बोटं फुटायची,
तिसऱ्या अंकाच्या मलपृष्ठावर एक डाग आहे,
वाचकांना तो शाईचा वाटला.

माकूलबाय : अर्धी गाबतीण, अर्धी माकूल.
मोठे ट्रॉलर रात्री दिवे पेटवून मासळी लुबाडायला आले
की ती शाई सोडायची
आणि दर्याला त्याचा काळोख परत द्यायची.

नवव्या अंकात तिला मारायची, असं एल्विनने ठरवलं.
जाळ्यात अडकून, त्याच दिव्यांखाली.
तो म्हणाला, खरं तेच लिहायचं.
सुलक्षा म्हणाली, तिचे डोळे माझ्या मावशीचे आहेत,
हात लावून दाखव.
तो म्हणाला, बोलायला तिला मी शिकवलं.
ती म्हणाली, तोंड मी काढलं.
मग हिशेब निघाले. कागदाचे, चहाचे,
पुण्याच्या कुणा प्रकाशकाच्या न उचललेल्या फोनचे,
आणि चौथ्या अंकावर कुणाचं नाव आधी.

फुग्याला शेपूट असतं. ते ज्याच्याकडे वळतं, तो बोलला असं धरायचं.
त्या रात्री सगळी शेपटं माझ्याकडे वळली होती.
मी काहीच बोललो नव्हतो.

बाहेर तर प्रत्येकाला मत.
बर्फाच्या फॅक्टरीतला सदू मोचेमाडकर :
‘आठवो अंक शेवटचो खरो. फुडचो सगळो कचरो.’
नववा तेव्हा निघालाही नव्हता.
खानावळीतला परब म्हणे, पाचव्यापासूनच रेषा बिघडली,
लग्न ठरल्यावर बिघडतेच.
शाळेतल्या विज्ञानाच्या बाई दर अंकाला चिठ्ठी पाठवायच्या :
माकलाला दहा पाय असतात. आपण आठ काढता.
कृपया नोंद घ्यावी.
सुलक्षाने कधी नोंद घेतली नाही.
दोन मुलगे एल्विनच्या बाजूने, दोन सुलक्षाच्या,
जेटीवर एकमेकांच्या सायकलींची हवा सोडायचे.

जत्रेत दोन टेबलं लागली.
मध्ये खाज्याचं दुकान.
इकडे नववा अंक, तिकडेही नववा अंक.
इकडे ती मेली. तिकडे जाळं कातरून निसटली.
मागे दशावताराची पेटी सूर लावत होती,
आणि येणारा जाणारा विचारत होता,
‘खयचो नववो खरो?’

आता सांगतो. दोन्ही मीच लिहिले.
त्याने सांगितलं, तिला सांगू नकोस. तिने सांगितलं, त्याला सांगू नकोस.
मरतानाचं तिचं वाक्य मी एका रात्री लिहिलं,
सुटतानाचं दुसऱ्या रात्री,
तीच शाई, तेच टाक.

नौशीन मुकादमने पकडलं. अकरावीतली पोर,
दोन्ही अंक विकत घेणारी बहुधा एकटीच.
बंदरावर येऊन उभी राहिली, माझ्या ओल्या अक्षरांकडे बघत :
‘काका, तुमचा ळ पोटात जरा जास्त वळतो.
दोन्ही अंकांत वळलाय. आणि ह्या होडीवरपण.’

दुपारपर्यंत गावभर.
एल्विन मला पाहून रस्ता ओलांडतो.
सुलक्षाने माझा टाक रुमालात गुंडाळून
भावाच्या हाती पाठवला. चिठ्ठी नाही.

नौशीन मात्र परत आली.
‘तुम्हाला कोणता आवडला?’
आठ अंकांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
ब्रश रॉकेलमध्ये बुडवला, बराच वेळ घोळवला.
म्हटलं, सहावा अंक, पान बारा.
ती तिथेच पायरीवर बसली, दप्तरातून काढून बघू लागली.
नुसता काळोख. भरतीची वेळ. एकही फुगा नाही.

‘ह्यात तर तुमचं काहीच नाही,’ ती म्हणाली.
पाय मात्र तिने मोजले.
नऊ भरले.